मेक्सिकोची न्याहारी, चेन्नईची चूल

चेन्नईची सकाळ लवकर सुरू होते. सूर्य समुद्रातून पुरता वर येण्यापूर्वीच घरोघरी इडलीपात्रातून वाफ निघू लागते आणि साडेसात वाजण्याच्या सुमारास मुले शाळेच्या व मोठी माणसे कामाच्या वाटेला लागलेली असतात. श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यांत आणि जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील संगणक-कचेऱ्यांत काम करणारी कितीतरी मराठी कुटुंबे आज या शहरात नांदत आहेत. पती-पत्नी दोघेही नोकरी करणारी, वडीलधारी माणसे दूर गावी, आणि स्वयंपाकासाठी हाताशी जेमतेम अर्धा तास. अशा घरात सकाळच्या न्याहारीचा प्रश्न रोजचाच असतो. पोहे झाले, उपमा झाला, इडलीही झाली. चौथ्या दिवशी मात्र मूल दोन बिस्किटे हातात घेऊन घराबाहेर पडते.

या प्रश्नाला अलीकडे जी नवी उत्तरे मिळू लागली आहेत, त्यांपैकी एक म्हणजे मेक्सिकोच्या धर्तीची, अंडी आणि भाज्या यांची न्याहारी. तिचे नाव ऐकले की गृहिणीच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. हा पदार्थ परका आहे, आणि त्यासाठी महागड्या दुकानातील बाटल्या व पाकिटे आणावी लागतील. मग टोमॅटोचे बाटलीबंद गोड सॉस आणि किसलेले चीज अंड्यांवर घालून तिला मेक्सिकोचे नाव दिले जाते. वास्तविक या न्याहारीत परके असे फारच थोडे आहे, आणि जे थोडे परके आहे ते बाटलीत मिळत नाही. ते एका रीतीत आहे. ती रीत समजली म्हणजे ही न्याहारी पंधरा मिनिटांत होते.

प्रथम हा पदार्थ आहे तरी काय ते पाहावे. मेक्सिकोच्या शेतवाड्यांवर पहाटे कामाला लागलेली माणसे उन्हे वर आल्यावर भरपेट न्याहारी करीत. मक्याची पातळ भाकरी, तिच्यावर अंडे आणि अंड्यावर टोमॅटो-मिरचीचे भाजून वाटलेले कालवण, असे तिचे स्वरूप असे. तिला तेथे ‘वेवोस रांचेरोस’, म्हणजे शेतवाडीवरची अंडी, असे म्हणतात. बाजूला शिजवून घोटलेला घेवडा असतो. दुसरा प्रकार याहूनही सोपा. हिरवी मिरची, पांढरा कांदा आणि लाल टोमॅटो परतून त्यातच अंडी ढवळायची. हिरवा, पांढरा आणि लाल हे मेक्सिकोच्या ध्वजाचे तीन रंग असल्यामुळे त्या प्रकाराला देशाचेच नाव मिळाले आहे. हे वर्णन ऐकताच मराठी माणसाला अंड्याची भुर्जी आठवेल आणि तमिळ माणसाला त्याचा ‘मुट्टै पोडिमास’. हे साम्य योगायोगाचे नाही. त्यामागे पाचशे वर्षांची देवघेव आहे.

कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. वास्को द गामा १४९८ मध्ये मलबारात उतरला. १५२१ मध्ये स्पॅनिश फौजांनी मेक्सिकोची राजधानी जिंकली. त्याच दशकात पोर्तुगीजांनी आजच्या चेन्नईतील मैलापूरजवळ सान थोमे येथे आपली वसाहत वसविली. या तीन दशकांपूर्वी भारतात मिरची नव्हती. टोमॅटो, मका, ढोबळी मिरची, श्रावणघेवडा, राजमा, लाल भोपळा यांपैकी काहीही नव्हते. ही सारी अमेरिका खंडाची उपज. ती समुद्रमार्गाने आली आणि येथल्या मातीत अशी रुजली की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. भाषेत मात्र खूण उरली आहे. तिखटपणासाठी आपल्याकडे पूर्वी मिरे वापरीत. त्या मिऱ्यांवरूनच नव्या फळाला मिरची हे नाव पडले. तमिळमध्येही तसेच घडले. ‘मिळगु’ म्हणजे मिरे, आणि त्यावरून ‘मिळगाय’ म्हणजे मिरची. ढोबळ्या मिरचीला तमिळ माणूस ‘कुडैमिळगाय’, म्हणजे छत्रीमिरची, म्हणतो. टोमॅटो हे नाव मात्र मेक्सिकोच्या मूळ नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरून स्पॅनिश व इंग्रजी वळणे घेत थेट मराठीत आले.

पण ही देवघेव एकेरी नव्हती. मेक्सिकोत स्पॅनिश लोक येण्यापूर्वी आपल्या ओळखीची कोंबडी नव्हती. तेथे टर्की पाळीत. कोंबडी ही मूळची आशिया खंडातील रानकोंबड्यांपासून माणसाळलेली. कांदा, लसूण, कोथिंबीर, जिरे, लिंबू हेही जुन्या जगातूनच तिकडे गेले. म्हणजे मेक्सिकोच्या न्याहारीतील टोमॅटो, मिरची, मका आणि घेवडा ही तिकडची, तर अंडे, कांदा, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू ही इकडची. ताटातील निम्मी सामग्री आपल्या बाजूची असताना तो पदार्थ सर्वस्वी परका कसा म्हणावा?

चेन्नईचा आणि मेक्सिकोचा संबंध तर याहून जवळचा आहे. १५६५ पासून १८१५ पर्यंत स्पेनची गलबते फिलिपाइन्समधील मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को यांच्यामध्ये ये-जा करीत. मद्रासचे सुती कापड मनिलाला जाई आणि तेथून पुढे मेक्सिकोला. उलट दिशेने मेक्सिकोची चांदी मनिलामार्गे मद्रासला येई. या व्यापारावर श्रीमंत झालेला आर्मेनियन व्यापारी पेत्रुस उस्कान याने अठराव्या शतकात अड्यार नदीवर सैदापेठेजवळ पूल बांधविला आणि सेंट थॉमस टेकडीच्या पायऱ्यांसाठी पैसा दिला. मेक्सिकोत आंब्याच्या एका आवडत्या जातीला आजही मनिला म्हणतात, आणि चिंचेचे सरबत तर तेथे घरोघरी होते.

मराठी माणसाचा या कथेत आणखी एक ठळक धागा आहे. वर्धा येथे जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीच्या आरंभीच्या नेत्यांपैकी एक. परदेशांत वणवण केल्यानंतर १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले. त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रोजच्या भाकरीचे जे चित्र रेखाटले, त्यात मेजाच्या मध्यस्थानी भाकरी मोडणारा पुरुष खानखोजे यांच्याच रूपाचा आहे. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात निवर्तले. चापिंगो येथे २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. मेक्सिकोच्या भाकरीशी विदर्भाच्या एका सुपुत्राचे नाव असे कायमचे जोडले गेले आहे.

आणि आपल्या पोळीशी मेक्सिकोचे. १९६० नंतरच्या टंचाईच्या वर्षांत भारताने नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत निपजविलेल्या बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. १९६६ मध्ये एकाच वर्षी असे १८,००० टन बियाणे आयात झाले. त्यांपासून येथील शास्त्रज्ञांनी कल्याणसोना, सोनालिका हे वाण सिद्ध केले. या कार्यात अग्रभागी असलेले डॉ. एम. एस. स्वामिनाथन हे कुंभकोणमचे. १९८८ मध्ये त्यांनी आपली संशोधन संस्था चेन्नईत स्थापन केली आणि २०२३ मध्ये याच शहरात त्यांचे निधन झाले. तेव्हा मक्याची भाकरी मिळाली नाही म्हणून चेन्नईतील गृहिणीने अंड्याखाली गव्हाची पोळी ठेवली, तर तिने परंपरेला धक्का लावला असे मुळीच नाही. उत्तर मेक्सिकोत तर गव्हाचीच पोळी चालते.

आता रीतीकडे वळावे. सामग्री घेतली आणि रीत मागे ठेवली तर काय होते, याचे एक दारुण उदाहरण मक्याच्याच इतिहासात आहे. मेक्सिकोची स्त्री मका तसाच दळीत नसे. रात्री ती तो चुन्याच्या पाण्यात उकळून भिजत ठेवी, सकाळी धुऊन पाट्यावर वाटी आणि त्या पिठाच्या भाकऱ्या करी. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते आणि मक्यात अडकून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. परिणामी ज्या गरिबांचे पोट मक्यावरच होते अशा उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा नावाचा रोग पसरला आणि हजारो माणसे त्याला बळी पडली. जे अन्न एका देशात पिढ्यान्‌पिढ्या पोशिंदे ठरले, तेच रीत हरवल्याबरोबर दुसऱ्या देशात घातक झाले.

न्याहारीच्या बाबतीत इतका मोठा धोका अर्थातच नाही. पण तत्त्व तेच. मेक्सिकोच्या स्वयंपाकाची रीत तीन गोष्टींत आहे: आधी भाजणे, मग जाडसर वाटणे आणि मसाले कमी घालणे. तेथील स्त्री टोमॅटो, कांदा, लसूण आणि मिरची तेलाविना तव्यावर टाकते आणि त्यांच्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजते. तिच्या तव्याला ‘कोमाल’ म्हणतात आणि वाटण्याच्या दगडी खलाला ‘मोल्काहेते’. आपला तवा आणि खलबत्ता यांची ही सख्खी भावंडे होत. भाजल्याने टोमॅटोतील पाणी आटते, आंबटपणाला गोडी येते, कांदा-लसणाचा उग्रपणा जातो आणि सालीचा किंचित करपट वास सबंध पदार्थाला लागतो. वांग्याचे भरीत करताना वांगे विस्तवावर का भाजतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे निराळे सांगण्याची गरज नाही. बाटलीतील गोड सॉसमध्ये नेमकी हीच चव नसते.

चार माणसांसाठी मध्यम आकाराचे चार पिकलेले टोमॅटो, एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या तीन पाकळ्या घ्याव्यात. कांद्याच्या जाड चकत्या कराव्यात. लसूण सालासकट ठेवावा. मिरचीला चीर द्यावी, नाहीतर ती तव्यावर फुटते. लोखंडी तवा चांगला तापवून त्यावर हे सर्व आठ-दहा मिनिटे उलटसुलट करीत भाजावे. निवल्यावर लसणाची साल काढून सारे जाडसर वाटावे. त्याचा अगदी गंध करू नये. हे वाटण आदल्या रात्री करून शीतकपाटात ठेवता येते. चेन्नईच्या उष्ण आणि दमट हवेत मात्र ते रात्रभर बाहेर राहू देऊ नये.

सकाळी पसरट कढईत दोन मोठे चमचे तेल तापवावे, त्यात चिमूटभर जिरे टाकून वाटण ओतावे आणि रंग गडद होईपर्यंत चार-पाच मिनिटे परतावे. नंतर बारीक चिरलेली ढोबळी मिरची, श्रावणघेवडा आणि मक्याचे वाफवलेले दाणे मिळून दोन वाट्या भाजी आणि चवीपुरते मीठ घालून झाकण ठेवावे. भाजी अर्धवट शिजली की पळीने चार खळगे करावेत आणि प्रत्येकात एक अंडे सोडावे. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून पाहावे, म्हणजे एखादे खराब निघाल्यास सगळी कढई वाया जात नाही. आच मंद करून झाकण ठेवावे. पाच-सहा मिनिटांत अंडी जमतात. तोवर शेजारच्या शेगडीवर पोळ्या गरम होतात. पोळीवर एकेक अंडे भाजीसकट काढून वर कोथिंबीर भुरभुरावी आणि लिंबू पिळावे.

मंद आचेचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अंड्याचा पांढरा भाग सुमारे ६२ अंश सेल्सियसपासून घट्ट होऊ लागतो आणि पिवळा बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. आच मोठी ठेवली की पांढरा भाग रबरासारखा चिवट होतो आणि त्यातून पाणी सुटते. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्यासाठी बलक पूर्ण घट्ट होऊ द्यावा. कच्च्या अंड्यातून रोगजंतू पोटात जाण्याचा संभव असतो. हळद आणि गरम मसाला येथे टाळावा. ते वाईट म्हणून नव्हे, तर ते घालताच भाजल्या टोमॅटोची चव झाकली जाते आणि नेहमीची भुर्जी होते.

बाजूला घेवड्याऐवजी आदल्या दिवशीची शिजलेली चवळी, जिला चेन्नईत ‘कारामणि’ म्हणतात, थोड्या तेलावर घोटून घेतली तर उत्तम. राजमा घ्यायचा असेल तर तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळून पूर्ण मऊ शिजवला पाहिजे. अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याला द्विदल धान्य आणि पोळी यांची जोड मिळाली की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

राहिला प्रश्न अंड्याचा. पाश्चात्त्य देशांत मांस वर्ज्य करणारे पुष्कळ लोक अंडी आणि दूध शाकाहारातच धरतात. भारतात तसे नाही. अंडे असलेल्या बांधीव पदार्थावर मांसाहाराचीच खूण छापावी लागते. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात या प्रश्नाचा विचार केला आहे. ज्याला दूध चालते त्याने निर्जीव अंड्याला हरकत घेण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत होते. आज नामक्कलच्या कुक्कुटशाळांतून चेन्नईला येणारी अंडी सामान्यतः अशीच, कोंबड्याच्या संयोगाविना घातलेली असतात. तथापि हा केवळ युक्तिवादाचा विषय नाही, घराच्या आचाराचाही आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून तमिळ देशी स्थायिक झालेल्या तंजावरी देशस्थ घरांतून अंड्याला स्वयंपाकघरात प्रवेश नाही, आणि त्या घरांनीही या न्याहारीला मुकण्याचे कारण नाही. खळग्यांत अंड्याऐवजी पनीरचे तुकडे ठेवावेत. मेक्सिकोतही ताजे, न मुरवलेले चीज असेच वापरतात. नाहीतर घोटलेली चवळीच पोळीवर पसरून वर भाजी घालावी. तमिळनाडूच्या शाळांतील मध्यान्ह भोजनात जे मूल अंडे खात नाही त्याला केळे मिळते. एका पंगतीत दोन्ही प्रकारची मुले बसतात आणि कोणाचा मान कमी होत नाही. घरातील पंगतीतही हे साधता येते.

झटपट होणारी कोणतीही न्याहारी खरोखर झटपट नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. इडली सकाळी दहा मिनिटांत वाफवते, कारण तिचे पीठ रात्री आंबत घातलेले असते. मेक्सिकोची भाकरी तव्यावर एका मिनिटात होते, कारण मका रात्रभर चुन्यात भिजलेला असतो. आणि दोन्ही देशांत यंत्रे येण्यापूर्वी दगडावर वाटीत बसण्याचे ते तासन्‌तासांचे श्रम स्त्रियांनीच केले. आज विजेच्या यंत्राने ते ओझे उतरले आहे. उरले आहे ते रात्रीचे दहा-पंधरा मिनिटांचे भाजणे आणि वाटणे. ते घरातील कोणीही करू शकते. त्यासाठी स्त्रीच असावी लागते असे नाही.

उपाशी पोटी शाळेत बसलेल्या मुलाचे लक्ष फळ्यावर नसते, ही गोष्ट तमिळनाडूने फार पूर्वी ओळखली. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने पौष्टिक भोजनाची व्यापक योजना सुरू केली, आणि सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना सकाळची न्याहारीही देण्यास आरंभ झाला. ज्या घरात धान्य आहे, भाजी आहे, शेगडी आहे, त्या घरातील मूल केवळ वेळेअभावी बिस्किटावर बाहेर पडावे, ही उणीव भरून काढणे फारसे अवघड नाही. टोमॅटो आणि मिरची पाचशे वर्षांपूर्वीच येऊन पोहोचली आहेत, तवा भिंतीला टेकून उभा आहे. तो रात्री शेगडीवर चढवण्याचाच काय तो अवकाश आहे.